एका क्रमांकाच्या दोन पत्रिका

रविवारी सकाळी जबलपूरच्या मदन महल भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी नवशिक्यांना वेबसाइट बनवायला शिकवतो. आठ-दहा जण येतात. कॉलेजातली मुलं-मुली असतात, एक निवृत्त शिक्षिका आहेत, रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ आहेत. पहिले पाच-सहा रविवार मजेत जातात. मग फाईल अपलोडचा धडा येतो आणि आदल्या दिवसापासून माझं जेवण कमी होतं. बायको विचारते, "उद्या तोच धडा का?" मी हो म्हणतो.

धडा अवघड नाही. पानावर एक फॉर्म असतो, त्यात फाईल निवडायचं बटण. समोरचा माणूस फाईल निवडतो, पाठवतो. ती सर्व्हरवर पोचते, पण लगेच आपल्या हातात येत नाही. सर्व्हर तिला एका तात्पुरत्या जागी, स्वतःच दिलेल्या विचित्र नावाने ठेवतो. आपल्या प्रोग्रॅमने तिथे जाऊन विचारायचं असतं: पूर्ण आली का? केवढी आहे? चित्र म्हणून आली आहे, पण खरंच चित्र आहे का? सगळी उत्तरं बरोबर आली तर तिला उचलून कायमच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. नाही उचलली तर काम संपल्यावर ती आपोआप नाहीशी होते.

इथवर सगळे माना हलवत ऐकतात. मग मी म्हणतो, "आता नावाचं पाहू." आणि तिथे माझा आवाज बदलतो. मला स्वतःला तो ऐकू येतो.

कायमच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल आधीपासून असेल, तर नवी फाईल जुनीच्या जागी बसते. जुनी गेली. सर्व्हर विचारत नाही, थांबत नाही, कुठे लाल अक्षरात काही लिहून येत नाही. काम नीट झालं, एवढंच सांगतो. म्हणून बाहेरून आलेलं नाव कधीही जसंच्या तसं वापरायचं नाही. नाव आपल्या प्रोग्रॅमने द्यायचं, दरवेळी वेगळं. फळ्यावर मी हे दोनदा लिहितो.

ते मी मंडळाची वेबसाइट बनवण्याआधीच पुस्तकात वाचलं होतं, हे आधी सांगून टाकतो. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. वाचलं आणि मनात म्हटलं, हे परक्या लोकांसाठी आहे. आपल्याकडे नावं आपणच देणार आहोत.

आमच्या मंडळाचं वधू-वर नोंदणीचं काम फार जुनं आहे. जबलपुरात मराठी घरं मोजकी. कुणी फॅक्टरीत, कुणी रेल्वेत, कुणी कॉलेजात शिकवतं, आणि सगळी एकमेकांना ओळखून असतात. म्हणून मंडळात एक पद्धत पडली होती. पत्रिका द्यायची ती वरचा भाग झाकून. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख यांवर कागदाची पट्टी ठेवून फक्त कुंडलीची चौकट झेरॉक्स करायची आणि तिच्यावर नोंदवहीतला क्रमांक घालायचा. पत्रिका पाहणाऱ्या ज्योतिषाला मुलगी कुणाची ते कळू नये, म्हणजे तो मोकळेपणाने सांगेल. मुलींचे फोटोही मंडळ ठेवत नसे, ते दोन्ही घरं आपापसांत पाठवत. नोंदवही दरवर्षी नवी, आणि नव्या वहीत क्रमांक पुन्हा एकपासून. कपाटात वह्या वेगवेगळ्या असायच्या, त्यामुळे कधी घोळ झाला नाही.

मी फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून. संगणकाचं जे येतं ते पुस्तकं वाचून आणि चुकत चुकत शिकलेलो. मंडळासाठी वेबसाइट मीच बनवली. पत्रिका अपलोड करायची सोय केली आणि फॉर्मखाली ठळक सूचना लिहिली: फाईलला आपला नोंदणी क्रमांकच नाव म्हणून द्यावा. म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलमधून भलत्याच लांबलचक नावांच्या फाईली यायच्या, त्याला हा उपाय. मुली-१, मुली-२, मुली-३. फोल्डर उघडलं की कसं ओळीने लावलेलं दिसायचं. मला त्या नीटनेटकेपणाचा अभिमान होता. वार्षिक सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला.

सगळ्या वर्षांच्या फाईली एकाच फोल्डरमध्ये जाणार होत्या. पुढच्या जानेवारीत वही बदलली, क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले.

पहिल्या वर्षी मुली-१४ या क्रमांकावर ज्या मुलीचं नाव होतं, तिचे वडील माझ्याच ऑफिसातून निवृत्त झालेले. मी त्यांना भाऊ म्हणतो. रांझीला राहतात. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, घरात ते आणि मुलगी दोघंच. मुलगी शाळेत गणित शिकवते. तिची पत्रिका मीच स्कॅन केली होती. पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद, त्यावर लाल शाईने हाताने काढलेली कुंडली. भाऊ म्हणाले होते, "पाहा जी, एकदम साफ पत्रिका. मंगळ नाही, काही नाही. हिची आई म्हणायची, पोरीची पत्रिका पाहूनच लोक हो म्हणतील."

पुढची तीन वर्षं त्या घरी जे नकार आले, ते सगळे एकाच वाक्यात आले. पत्रिका जुळत नाही.

या वाक्यापुढे आमच्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. मुलगी सावळी वाटली, घर लहान वाटलं, मुलाच्या मनात दुसरंच कुणी असलं, तरी हेच वाक्य पाठवतात. कुणाला दुखवायला नको म्हणून. त्यामुळे ऐकणाराही खरं कारण आपल्या मनाने शोधत बसतो. भाऊ शोधत बसले. आधी ते बाजारात भेटले की हाक मारायचे, "काय कंप्युटरवाले, काय म्हणते तुमची मशीन? आमच्यासाठी जावई नाही का काढत?" पुढे ते हसून नुसती मान हलवायला लागले. मग रस्त्याच्या पलीकडून जायला लागले.

मुलीने चष्मा काढून लेन्स लावल्या. कुणी काही बोललं असेल किंवा नसेलही. मंडळाच्या कार्यक्रमांना यायची ती बंद झाली.

मला कळलं ते गेल्या वर्षी, एका रविवारी दुपारी. सभा संपली होती. मंडळाच्या एक ज्येष्ठ बाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? रांझीचे ते, मुलगी कडक मंगळी आहे अन् सगळ्यांना सांगून राहिले साफ पत्रिका, साफ पत्रिका. काहून खोटं बोलावं माणसाने? लोक पाहतात ना पत्रिका. मग म्हणतात, ज्यात बाप खोटं बोलतो, त्या घरात अजून काय काय असेल."

मी म्हटलं, "तिला मंगळ नाही. मी स्वतः पाहिली आहे."

"मग मी काय पाहिलं जी? माझ्या बहिणीच्या मुलासाठी मीच उघडली होती तुमच्या त्या वेबसाइटवर."

मी तिथेच हॉलमधला संगणक लावला. तिची नोंद उघडली. पत्रिकेवर क्लिक केलं. पांढरा स्वच्छ कागद आला, संगणकावर छापलेली काळी चौकट, आठव्या घरात मंगळ. खाली आकडा चौदा. लाल शाई नाही. घड्या नाहीत.

बाई माझ्या खांद्यामागून पाहत होत्या. "आहे ना मंगळ?" त्या म्हणाल्या. मी हो म्हणून मान हलवली. मानेची ती हालचाल मला अजून आठवते, कारण त्या क्षणी मला खरं कळलेलं होतं आणि तरी मी हलवली.

त्या गेल्यावर मी एकेक नोंद तपासली. दुसऱ्या वर्षीच्या मुली-१४ ची ती पत्रिका होती; त्यानंतरच्या वर्षांत क्रमांक चौदापर्यंत पोचलेच नव्हते. त्या मुलीला मंगळ होता, तिच्या घरच्यांना माहीत होतं, मंगळाचाच मुलगा पाहून तिचं केव्हाच झालं होतं. ज्यांच्या पत्रिका अशाच पुसल्या गेल्या होत्या, त्या इतर सगळ्या मुलींची लग्नं ठरली होती किंवा नावं काढली होती. मुलांच्या यादीत एकाच क्रमांकाच्या अशा दोन जोड्या सापडल्या, तेही लग्न होऊन मोकळे. शोधात उरलेली ती एकटीच. तीन वर्षं तिच्या नावापुढे दुसरीची पत्रिका होती, आणि तिची स्वतःची पत्रिका माझ्या फोल्डरमध्ये कुठेच नव्हती.

मग मी जे केलं ते क्रमाने लिहितो. आधी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता प्रत्येक फाईलला तो स्वतः नाव देतो, वर्ष आणि वेळ धरून, आणि कुणी केव्हा उघडली तेही नोंदवतो. नंतर भाऊंना फोन केला. म्हटलं, सर्व्हर बदलला आहे, जुन्या फाईली खराब झाल्या, पत्रिका पुन्हा लागेल. ते येऊन पत्रिका देऊन गेले. मी स्कॅन केली, चढवली, उघडून पाहिली. लाल शाई. मी स्वतःला समजावलं की आता सगळं आपोआप मार्गी लागेल आणि कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही.

दहा-बारा दिवसांनी भाऊंचा फोन आला. आवाज इतका मोकळा की मी ओळखलाच नाही.

"कंप्युटरवाले, तोंड गोड करायला या. जमलं!"

मुलगा शहपुऱ्याला सरकारी नोकरीत. घरचे मागच्याच महिन्यात येऊन गेलेले, आता होकार कळवला होता. साखरपुडा पुढच्या रविवारी.

"अन् गंमत पाहा," भाऊ म्हणाले, "त्याला थोडा मंगळ आहे म्हणे. मी घाबरलो. पण ते म्हणाले, तुमच्या मुलीची पत्रिका आम्ही पाहिली आहे, एकदम बरोबर जुळते. तीन वर्षं नाही नाही ऐकलं जी. आता कोणीतरी म्हटलं, जुळते."

मी अभिनंदन केलं. फोन ठेवला.

त्यांनी पाहिली ती मागच्या महिन्यात. म्हणजे तीच, छापील. मंगळाच्या मुलाला मंगळाची मुलगी हवी, म्हणून होकार. तीन वर्षांत आलेला एकमेव होकारही तिच्या पत्रिकेला नव्हता. मूळ पत्रिका पुढे क्वचितच कुणी मागतं. मी गप्प राहिलो असतो तर कदाचित लग्न झालं असतं. माझा स्वतःचा मंगळ-बिंगळावर विश्वास नाही. पण त्या घरांचा होता, आणि आयुष्यात पुढे कधी काही वाकडं झालं, कुणी आजारी पडलं, कुणी तो पिवळा कागद उघडून पाहिला, तर त्या घरात तिला कुठे उभं करतील, हे मला दिसत होतं. पाच दिवस मी ऑफिसला जाऊन येत होतो आणि काय काम केलं ते मला आठवत नाही. सहाव्या दिवशी, शनिवारी, बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगून राहिला? तिथं जा."

मोटरसायकल काढली आणि रांझीला गेलो. दिवाणखान्यात साड्यांचे खोके उघडे पडले होते. मुलगी जमिनीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. भाऊंनी लाडू आणून ठेवला. मी तो हातात घेतला नाही. उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. क्रमांक, वह्या, फोल्डर, सर्व्हर बदलल्याची थाप, सगळं.

भाऊ उठले. त्यांनी आधी दार लावलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आता बोलू नका. कोणालाच बोलू नका. उद्या साखरपुडा आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"तू मधे नको बोलू. तीन वर्षांनी एक घर हो म्हणालं आहे."

"मला नाही म्हणालं, बाबा." तिने पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलं. "काका, पोराकडच्यांना तुम्ही सांगा. इथूनच. आत्ता."

"आत्ता?"

"तुमची फाईल आहे ना. मग सांगा."

मी फोन लावला. तिने स्पीकर चालू करायला लावला. मुलाचे वडील आधी हसत बोलले, उद्या किती माणसं येणार ते सांगायला लागले. मी मधेच थांबवून सांगितलं.

"मंगळ नाही म्हणजे?" ते म्हणाले. "अहो, तोच पाहून तर आम्ही पुढे आलो." थोडा वेळ पलीकडे कुणाशी तरी कुजबुज चालली. मग त्यांची भाषाच बदलली. "अच्छा. ठीक है जी. घर में बात करके बताते हैं."

संध्याकाळी, मी तिथे असतानाच, निरोप आला. तेच तीन शब्द, पत्रिका जुळत नाही, आणि पुढे क्षमस्व. भाऊंनी साड्यांच्या खोक्यांची झाकणं लावली. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मुलगी मात्र बोलली. मी निघताना तिने एका कोऱ्या पुरवणीवर सात नावं लिहून दिली. तीन वर्षांत नकार देणारी सात घरं, तिला क्रमाने पाठ होती. "यांच्याकडे जा, काका. फोन नको. समोर बसून सांगा की माझे बाबा खोटं बोलत नव्हते. अन् ते काय म्हणतात ते मला येऊन सांगा."

मी सातही घरी गेलो. चार घरांत मंगळच कारण होतं. त्यांपैकी एका घरातली आई पदराने चष्मा पुसत म्हणाली, "आमच्या मुलाला फार आवडली होती हो ती. दोन दिवस जेवला नव्हता." मुलाचं लग्न झालेलं होतं. त्याच्या बायकोनेच मला पाणी आणून दिलं.

उरलेल्या तीन घरांत वेगळंच ऐकलं. एका ठिकाणी गृहस्थ हसलेच. "पत्रिका? ती कुठे उघडली होती आम्ही! आमच्या पोराला जरा गोरी पाहिजे होती. तसं तोंडावर कसं सांगायचं? तुम्ही काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिले?" दुसऱ्या घरी बाईंना वडिलांची फॅक्टरीतली नोकरी खालची वाटली होती. तिसऱ्या घरी तर तिचं नावच आठवेना.

परत जाऊन मी तिला सांगितलं, "सातही घरांनी मंगळ पाहूनच नाही म्हटलं."

"सातही?"

"सातही."

तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी स्वतःच्या अंगावर तीन घरं जास्त घेतली, त्यात माझं काय बिघडलं, असं मला वाटलं. चांगलं काम केलं, असंही वाटलं असेल. तिने लेन्स सोडून पुन्हा चष्मा लावला. मंडळात येऊन नाव नव्याने नोंदवलं. पट्टी ठेवून पत्रिका स्वतः स्कॅन केली, स्वतः चढवली. म्हणाली, "आता बरोबर झालं सगळं."

या वर्षी दोन घरांनी ती पत्रिका उघडली. एकाने काहीच कळवलं नाही. दुसऱ्याचा निरोप आला त्या दिवशी मी ऑफिसात होतो. तिचा फोन आला. मागे शाळेतला गोंगाट ऐकू येत होता.

"काका, पत्रिका जुळत नाही म्हणून राहिले. एकदा पाहून सांगा ना. फाईल माझीच आहे ना?"

मी समोरच्या संगणकावर वेबसाइट उघडली. तिची नोंद. तिचं वर्ष. क्लिक केलं. पिवळा कागद, चार घड्या, लाल शाई. आठवं घर मोकळं.

"तुझीच आहे," मी म्हणालो.

गोंगाट कमी झाला. ती कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहिली असावी.

"काका, त्या सात घरांपैकी किती जणांनी उघडली होती? खरं सांगा."

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. शब्द तोंडात तयार होते.

"चार," मी म्हणालो.

"अन् तीन?"

"त्यांनी उघडलीच नव्हती."

ती रडली नाही, रागावली नाही. मुलांना एखादं गणित चुकलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं होतं ना, काका. मी तरी नीट हिशोब लावला असता." आणि थोड्या वेळाने, "माझं नाव काढून टाका तिथून. फाईल पण."

मी हो म्हणालो.

नाव मी अजून काढलेलं नाही. तिला काढलं असंच वाटतं. दर रविवारी वर्ग सुरू होण्याआधी मी हॉलमधला संगणक लावतो, ती नोंद उघडतो आणि आठवड्यात कुणी पाहिली का ते बघतो. मग मुलं यायला लागतात आणि मी ती बंद करतो.